अमावास्या सरेपर्यंत

काशिनाथ खोलकुट्यांना काळजी करायला कारण लागत नसे. मिळालं तर उत्तमच, पण नाही मिळालं तरी त्यांचं काही अडत नसे. दूध उतू जायच्या आधी ते ओट्यापाशी पोचलेले असत. कुणाच्या लग्नाला गेले तर आधी मांडवातल्या वायरी बघत, मग नवरा-नवरी. त्यांची बायको निर्मला सांगे, की आमचं लग्न लागलं तेव्हासुद्धा हे माझ्याकडे नाही, होमातल्या ठिणग्यांकडे बघत होते. भोपाळच्या पिपलानी वसाहतीतल्या मराठी घरांत सगळे त्यांना ‘बंबवाले काका’ म्हणत, कारण कारखान्याच्या अग्निशमन दलात त्यांची उभी हयात गेली होती.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीहून विशीत भोपाळला आलेला हा माणूस. तेव्हा कारखाना नवा, वसाहत नवी, रस्त्याकडेची झाडं कमरेइतकी. बाकीचे लोक मोठमोठी यंत्रं बनवायला आले, हे आग लागण्याची वाट बघायला आले. फायरमनची नोकरी म्हणजे खरं तर वाट बघण्याचीच नोकरी. पाळीभर बूट घालून बसायचं आणि काही झालं नाही की देवाचे आभार मानून घरी यायचं. अशी सवय लागलेला माणूस घरी आल्यावर पायातले बूट काढतो, मनातले काढत नाही.

ह्या नोकरीत ते एक गोष्ट मात्र पक्की शिकले. आग विझली म्हणून बंब लगेच माघारी न्यायचा नसतो. वरून सगळं काळं, ओलं, गार दिसतं, पण चिंध्यांच्या ढिगाखाली कुठेतरी निखारा दबा धरून असतो. लोक हुश्श करून घरी गेले की तो उठतो. म्हणून एका माणसाने पाण्याचा पाइप हाताशी घेऊन तिथेच बसायचं. राखणीच्या ह्या कामात ना धावपळ, ना नाव. त्याला हौसेने कुणी पुढे येत नसे. काशिनाथ येत.

त्यांनी आयुष्यात जे दुसरं काम अंगावर घेतलं, तेही एक प्रकारे राखणीचंच. त्याची सुरुवात घरातूनच झाली, आणि वाईट झाली. निर्मलाचा धाकटा भाऊ मनोहर स्मॅकच्या नादी लागला. ब्राउन शुगरच्या त्या मातकट पुडीला भोपाळात स्मॅक म्हणतात. पुडीसाठी चोरी, चोरीसाठी तुरुंग, असं ठरलेल्या वाटेने तो गेला. तो आत गेला तेव्हा घरच्यांनी रडून घेतलं आणि मग थोडं बरंही वाटून घेतलं. आत काही मिळणार नाही, सुंठीवाचून खोकला गेला, असं सगळे म्हणाले. वर्षाने तो सुटला. सुटायच्या दिवशी तुरुंगाच्या फाटकाशी कुणी गेलं नाही. चांगला मोठा मुलगा, येईल की रिक्षाने. तो रिक्षाने घरी नाही, महाराणा प्रताप नगरात गेला. तिथे एका अर्धवट बांधलेल्या इमारतीमागे त्याचे जुने सोबती बसत. तो पूर्वी जेवढी घेत असे, तेवढीच त्याने घेतली. एक कणभरही जास्त नाही.

तो दगावल्यावर डॉक्टरांनी काशिनाथांना समजावून सांगितलं. वर्षभर न घेतल्याने शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वीचं माप आता विषासारखं असतं, पण मनाला ते ठाऊक नसतं. अशा माणसाला सगळ्यात मोठा धोका असतो तो बाहेर पडल्यावरच्या पहिल्याच दिवसांत. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नाही, काशिनाथ म्हणाले.

तेव्हापासून वसाहतीतल्या किंवा आसपासच्या कुणाच्या घरचा असा मुलगा सुटणार असला, की काशिनाथ रजा टाकून उजाडायच्या आत तुरुंगाच्या फाटकाशी उभे राहू लागले. बरोबर घरच्या चहाचा थर्मास, म्हणजे वाटेत टपरीवर थांबायला नको. पोराला स्कूटरवर मागे बसवायचं आणि जुने अड्डे टाळून, लांबचा वळसा घेऊन घरी न्यायचं. पहिले काही दिवस त्याला एकटं सोडायचं नाही. मग त्याच्यासाठी गोविंदपुऱ्यातल्या लहानसहान कारखान्यांचे उंबरठे झिजवायचे. तिथले मालक काशिनाथांची स्कूटर दिसली की आतल्या खोलीत जाऊन बसत. पण ह्या गृहस्थांना वाट बघायची सवय असल्यामुळे घाई नसे. ते बाहेर बाकावर बसून राहत, आणि शेवटी मालकच कंटाळून हो म्हणे.

घरच्यांकडून ते एकच गोष्ट घोकून घेत. ‘घेतलीस का?’ असं विचारायचं नाही, ‘जेवलास का?’ असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला माणूस खोटं बोलतो, आणि मग आपण खोटे ठरलोच आहोत तर घ्यायला काय हरकत आहे, असं त्याला वाटतं. दुसऱ्या प्रश्नाला खोटं बोलून काही पदरात पडत नाही.

सगळे सावरले असं नाही. काही जण पुन्हा आत गेले. एकाने तर जाताना काशिनाथांची स्कूटरच नेली, आणि ती परत मिळेपर्यंत ते पुढच्या पोराला सिटी बसने आणायला गेले. पण काही सावरले. गोविंदपुऱ्यात लोखंडी जाळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात वेल्डिंग करणारा सुभाष हा त्यांतला सगळ्यात भक्कम. कारखान्यामागच्याच खोलीत तो राहायचा, आणि चार वर्षांत त्याने पुडीला हात लावला नव्हता. तरी काशिनाथ अधूनमधून काहीतरी निमित्त काढून त्याला बघून येत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अनंत मुळावकरची सुटका ठरली. त्याचे वडील कारखान्यात टर्नर होते. एका कारखान्यातून तांब्याची तार चोरल्याबद्दल अनंत आत गेला, आणि तो आत असतानाच ते हृदयविकाराने गेले. अंत्यविधीला यायची परवानगी त्याला मिळेपर्यंत सगळं उरकून गेलं होतं. वडिलांच्या जागी नोकरी खरं तर मुलाला मिळाली असती. ती बहिणीला, अलकाला मिळाली, आणि क्वार्टरही तिच्याच नावावर राहिलं. अलका भावाचं नाव काढत नसे आणि काढूही देत नसे. राहता राहिली आई, लीलावतीबाई. ती मात्र महिना महिना आधीपासून काशिनाथांना बोलावून सगळं समजून घेत होती. ‘जेवलास का’ हे तर तिने पाढ्यासारखं पाठ केलं होतं.

सगळं जुळून आलं आणि सुटकेची तारीख कळली, तिथे घोडं अडलं. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती.

“भाऊजी, त्या दिवशी नका आणू,” लीलावतीबाई म्हणाल्या. “एका दिवसाचा तर प्रश्न आहे. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. तेव्हा आणा, मी दारात ओवाळून घेईन त्याला.”

काशिनाथांनी सांगून पाहिलं, की पहिलाच दिवस महत्त्वाचा असतो. त्या ऐकून घेत होत्या, पण मान हलत नव्हती. मग त्यांनी हळूच कारण सांगितलं. ह्याआधी एकदा अनंत जामिनावर सुटला होता, तेव्हा तो अमावास्येलाच घरी आला होता. कुणी दिवस पाहिला नाही, तसाच आत घेतला. पंधरा दिवसांत घरातला कुकर गेला, वडिलांची सायकल गेली, मग तो पुन्हा आत गेला, आणि पुढच्या वर्षी वडीलही गेले. आता पुन्हा ती चूक आपल्या हातून होणार नाही, असं त्या म्हणाल्या.

काशिनाथांना ह्यावर उत्तर सुचलं नाही असं नाही. त्यांना एवढंच दिसलं, की दोष तिथीवर ठेवला म्हणजे मुलावर ठेवावा लागत नाही. ह्या बाईच्या हातात आता तेवढंच उरलं होतं. तेही काढून घ्यायला त्यांचं मन धजेना. शिवाय लहानपणापासून थोरामोठ्यांपुढे मान खाली घालायची सवय, तीही आडवी आली. बरं वहिनी, म्हणून ते उठले.

अनंतला त्या दिवसापुरतं स्वतःच्या घरी न्यावं, हे त्यांच्या मनात आलं होतंच. पण सर्वपित्रीला त्यांच्या घरी मनोहरचंही पान वाढत. त्यासाठी निर्मलाची म्हातारी आई दरवर्षी त्यांच्याकडे जेवायला येई. तुरुंगातून जिवंत सुटून आलेला दुसऱ्याचा मुलगा त्या दिवशी तिच्या समोरच्या पाटावर बसवायचा, हे काशिनाथांच्या जिवावर आलं. शेवटी त्यांनी ठरवलं, की एक दिवस अनंतला सुभाषकडे ठेवू. माणसं नियम मोडतात ती बहुधा चांगल्या कारणासाठीच, आणि काशिनाथांकडे तर चांगली कारणं दोन होती.

अमावास्येच्या सकाळी अनंत बाहेर आला तो अंगात पांढरा शर्ट आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. चेहरा भरला होता, पण डोळे उन्हाला बुजल्यासारखे मिटमिटत होते. त्याने थर्मासमधला चहा घेतला आणि आई कशी आहे ते विचारलं. काशिनाथांनी घसा साफ करून सगळं सांगितलं. आज सुभाषकडे, उद्या सकाळी घरी, आई ओवाळणार आहे.

“अमावास्या आहे होय,” अनंत म्हणाला, आणि थोडा हसला. त्यानंतर गोविंदपुरा येईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही.

ते गप्प राहणं काशिनाथांच्या पाठीला जाणवत होतं. पण रोज उठून खोटा भोंगा वाजवणाऱ्या मनाचं हेच वाईट असतं, की खरा भोंगा वाजला तरी माणूस म्हणतो, हे नेहमीचंच. ह्याला दृष्टीआड करू नकोस, असं सुभाषला बजावून ते घरी जेवायला गेले.

घरी सगळं सोवळ्यात चाललं होतं. वडे, खीर, गवारीची भाजी, भोपळ्याची भाजी. निर्मलाने मागच्या अंगणाच्या भिंतीवर पान ठेवलं आणि सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहिले. समोरच्या कडुनिंबावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. म्हातारी पदर तोंडाला लावून उभी होती. मनोहरचा जीव कशात अडकला असेल, हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी निर्मला भिंतीकडे बघत म्हणाली, की तुझ्यासारख्या पोरांकडे हे बघतात रे बाबा, तू जेव. तरी कावळा येईना.

तेवढ्यात फाटकाशी सायकल आपटल्याचा आवाज आला. सुभाष होता. घामाने भिजलेला, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर तसाच.

“काका, तो गेला,” सुभाष म्हणाला. “सेठने मला ट्रकवर माल चढवायला बोलावलं. मी म्हटलं, इथेच बस. दहा मिनटं पण नसेल झाली. लौटलो तर खोली खाली. टपरीवाला म्हणतो, कुणीतरी पुराना दोस्त भेटला त्याला.”

काशिनाथांनी चपला घातल्या, स्कूटर काढली आणि कुठे जातोय ते कुणाला सांगायचंही त्यांना सुचलं नाही. निर्मला धावत फाटकापर्यंत आली आणि आधी त्याच्या आईकडे बघा, म्हणाली. ते म्हणाले, नको. तिला कशाला घाबरवायचं. तो तिथे जाणारच नाही, त्याला स्वच्छ सांगितलंय आज यायचं नाही म्हणून. ह्या एका वाक्याने त्यांचा उरलेला दिवस खाल्ला.

आधी ते टपरीवर गेले. टपरीवाल्याने एवढंच सांगितलं, की दोघं मिळून कोपऱ्यापर्यंत गेले, आणि हातातून हातात काहीतरी गेलं. काय ते त्याने पाहिलं नाही. ते न पाहताही काशिनाथांना कळलं. मग सुभाषला त्यांनी गोविंदपुऱ्यातल्या बंद पडलेल्या शेडांकडे पाठवलं आणि स्वतः महाराणा प्रताप नगराकडे निघाले. पाठवल्यावर त्यांना आणखी एक शंका आली. ज्या जागा चार वर्षं टाळायला आपण सुभाषला शिकवलं, तिथेच आज त्याला एकट्याला पाठवलं. एक शोधायला गेलो आणि दुसराही हातचा गेला तर? त्यांनी स्कूटर अर्ध्या रस्त्यातून वळवली, मग पुन्हा वळवली. मागच्या बसवाल्याने त्यांना हिंदीत मनापासून शिव्या दिल्या.

मनोहर जिथे सापडला, ती इमारत आता पुरी झाली होती. तिच्यात कोचिंग क्लास होता, आणि पोरं-पोरी पुस्तकं छातीशी धरून जिना चढत होती. काशिनाथ तिच्या मागच्या बोळात शिरले. भिंतीला टेकून कुणीतरी पडलं होतं. अंगात अनंतसारखाच पांढरा शर्ट. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तर तो रंगारी होता, जेवून घटकाभर झोपलेला. त्याने डोळे उघडून विचारलं, क्या हुआ चाचा. काही नाही, म्हणून काशिनाथ तिथेच पायरीवर बसले. त्यांना एकदम रडूच आलं, आणि त्या भल्या माणसाने त्यांना आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं.

मग ते इस्पितळात गेले. तातडीच्या विभागात कुणी बेवारस तरुण आणलाय का, म्हणून विचारलं. एक आणला आहे म्हणाले. कागदोपत्री चौकशी होईपर्यंत त्यांना बाकावर बसवलं. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. तेवढ्या वेळात काशिनाथांचं मनातल्या मनात अनंतला जाळून, तेरावा करून, लीलावतीबाईंपुढे हात जोडून उभंही राहून झालं. आतून माणूस आला आणि म्हणाला, की तो अपघाताचा आहे, साठीचा आहे. काशिनाथांना इतकं हलकं वाटलं, की लगेच त्याची लाजही वाटली. तोही कुणाचा तरी होताच.

ऊन उतरलं. सुभाष ठरल्या जागी, पिपलानीच्या बाजाराशी भेटला. त्याचे डोळे काशिनाथांनी आधी पाहिले. स्वच्छ होते. कुठेच नाही काका, एवढं सांगून तो सायकलच्या हँडलवर डोकं टेकवून उभा राहिला. गलती माझी आहे, असं पुटपुटत होता. काशिनाथांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. चूक कुणाची, ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. ज्या दिवशी पाइप हातात घेऊन बसायचं, त्याच दिवशी आपण बंब माघारी नेला. आणि का, तर एका बाईला नाही म्हणवलं नाही, आणि दुसरीला वाईट वाटू नये म्हणून.

आता आईला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सुभाषला त्यांनी आपल्या घरी निर्मलाजवळ जाऊन बसायला सांगितलं. एकटं सोडायचं नाही, म्हणून. स्वतः मुळावकरांच्या क्वार्टरकडे निघाले. स्कूटर चालू असूनही त्यांनी ती हातात धरून ढकलत नेली. तेवढाच उशीर.

वळण घेतलं आणि ते थांबले. त्या क्वार्टरच्या समोर रस्त्याखालून जाणाऱ्या नाल्यावर एक बुटकी पुलिया आहे. संध्याकाळी तिच्यावर पाळी सुटलेले लोक बसून गप्पा मारतात. आज तिच्यावर एकटाच माणूस बसला होता, प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर घेऊन, घराकडे तोंड करून.

काशिनाथांनी स्कूटर स्टँडला लावायचा प्रयत्न केला, ती लागेना. शेवटी झाडाला टेकवून ते पुलियाजवळ गेले. तोंडावर एकच प्रश्न आला होता, तोच, जो विचारायचा नसतो. जन्मात इतक्या जोरात तो कधी आला नव्हता. त्यांनी तो गिळला.

“जेवलास का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” अनंत म्हणाला. त्याने मूठ पुढे केली आणि काशिनाथांच्या हातात एक चुरगळलेली पुडी ठेवली. कागद घामाने मऊ झाला होता, पण घडी उघडलेली नव्हती. “दुपारपासून इथेच आहे. आत जायचं नाही, माहीत आहे मला. म्हटलं घर तरी दिसेल. दिवे लागेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. त्यानंतर काही ठरवलं नव्हतं.”

काशिनाथांनी आभाळाकडे पाहिलं. दिवे लागायची वेळ जवळजवळ झालीच होती. ते अनंतशेजारी बसले.

मग अनंत आपणहून बोलला. दुपारी अलकाने कुंपणाच्या भिंतीवर वडिलांचं पान ठेवलं, ते इथून दिसलं. कावळा लगेच आला. वाढलेलं पान समोर आलं की बाबांना कधी थांबवत नसे, म्हणाला. खीर खाल्ली, वडा घेऊन उडाला. वडिलांचं एवढंच काय ते पाहायला मिळालं, असं तो म्हणाला.

समोरच्या खिडकीचा पडदा हलला. काशिनाथांना तेव्हा उमगलं, की खिडकीमागे कुणीतरी उभं आहे, आणि ते आत्ताच आलेलं नाही. दुपारभर हा इथे बसून होता, आणि आई तिथे उभी होती. मध्ये एक रस्ता होता आणि एक तिथी.

ते उठले आणि रस्ता ओलांडून दाराशी गेले. दार आधीच किलकिलं होतं. लीलावतीबाईंचे डोळे सुजले होते. त्यांनी हात जोडले आणि घाईघाईने सांगू लागल्या, की भाऊजी, पंचांगात बघितलंय, पहाटेपर्यंत आहे, पहाटे संपते, मी झोपणार नाही, संपली की लगेच दार उघडते. अलका आत पाठमोरी उभी होती. पण ती निघून गेली नाही.

काशिनाथ खोलकुटे वडीलधाऱ्या बाईला आयुष्यात वेडंवाकडं बोलले नव्हते. आताही त्यांचा आवाज चढला नाही.

“वहिनी,” ते म्हणाले, “कावळा जेवून गेला. पोरगा उपाशी आहे.”

लीलावतीबाई दाराला धरून उभ्या राहिल्या. पुढे काय करावं, हे काशिनाथांनाही सुचत नव्हतं. बळजबरीने आत ढकलावं तर उद्या काही बिनसलं की ही बाई जन्मभर ह्याच संध्याकाळीला दोष देईल. इथून न्यावं, तर ह्या पोराने दिवसभर मुठीत जे धरून ठेवलं ते कशासाठी? मुठीतली पुडी आता त्यांच्या मुठीत होती, आणि तेवढ्यात वसाहतीच्या सुरक्षारक्षकांची जीप कोपऱ्यावरून वळली. बंबवाल्या काकांनी घाबरून हात पाठीमागे नेला. जीपमधल्या ओळखीच्या माणसाने त्यांना नमस्कार केला, आणि एका हाताने नमस्कार करण्याची पाळी त्यांच्यावर आली. जीप निघून गेल्यावर त्यांनी रस्ता ओलांडून परत येत पुडी पुलियाखालच्या वाहत्या नाल्यात सोडली आणि हात पँटला पुसला, पुन्हा पुसला.

मागे वळून बघतात तो घराचं दार उघडं आणि उंबऱ्यात कुणी नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग लीलावतीबाई बाहेर आल्या. एका हातात वाढलेलं ताट, दुसऱ्या हातात पाट. पायात चप्पल घालायचंही त्यांना भान नव्हतं. रस्त्याच्या मधोमध आल्यावर त्या क्षणभर थांबल्या, एवढ्यासाठीच, की ताटातली खीर हिंदकळली होती.

“त्याने आत यायचं नाही,” त्या काशिनाथांना म्हणाल्या. “मी बाहेर यायचं नाही, असं कुठे आहे?”

त्यांनी पुलियावर पाट मांडला, त्यावर ताट ठेवलं आणि मुलाच्या शेजारी बसल्या. अनंत त्यांच्याकडे बघत नव्हता, ताटाकडेही नाही. पाठ केलेला प्रश्न त्यांना आठवत होता की नाही, कोण जाणे. आता तो विचारायची गरजही नव्हती. त्यांनी वड्याचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला आणि त्याच्या तोंडापाशी नेला. तीस वर्षांच्या बाप्याने मान खाली घालून आ केला. घरातून अलका पाण्याचा तांब्या घेऊन आली, पुलियाच्या कडेला ठेवला आणि बराच वेळ तिथेच रेंगाळली.

वसाहतीतले दिवे लागले. लीलावतीबाई उठल्या नाहीत. पहाटेपर्यंत इथेच बसणार का, असं काशिनाथांनी विचारलं, तर त्या म्हणाल्या की हो, त्यात काय, ह्याच्या जन्माच्या वेळीही ह्याने रात्रभरच बसवलं होतं.

काशिनाथांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो तसा फार वेळ पडून राहणारा जीव नव्हता. उद्या घट बसतील, ओवाळणं होईल, आणि परवा? परवा त्या टपरीवर तोच सोबती पुन्हा उभा असेल. काम शोधायला हवं, सुभाषलाही सांभाळायला हवं. घरी जाऊन निर्मलाला सांगायला हवं, आपल्याकडे कावळा आला का, तेही विचारायला हवं. पण ह्यातलं काहीच त्यांनी लगेच केलं नाही. त्यांनी स्कूटर रस्त्याच्या पलीकडे, झाडाखाली नीट उभी केली आणि तिच्यावर बसले, मायलेकांना दिसणार नाही पण त्यांना मायलेकं दिसतील अशा बेताने. तिकडे ताटातलं संपत आलं होतं, आणि आई त्याला विचारत होती, अजून वाढू का.